टीकॅसचा 'आरए': सल्ला, सूचना की आदेश?

एका वाचकाचा प्रश्न आहे. विमानांची हवेतली टक्कर टाळणाऱ्या टीकॅस यंत्रणेच्या 'रिझोल्यूशन अ‍ॅडव्हायझरी'ला, म्हणजे आरएला, मराठी बातमीत 'निराकरण सल्ला' असं लिहिलं होतं. सल्ला मानायचा की नाही हे ऐकणाऱ्यावर असतं. मग वैमानिकाने जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाचं सोडून यंत्राचं ऐकलं, आणि तेच बरोबर होतं, असं कसं?

शंका रास्त आहे. घोळ मुळात इंग्रजी नावातच आहे, मराठीत तो आणखी वाढतो.

टीकॅस दोन प्रकारे बोलतं, आणि दोन्हींच्या नावात 'अ‍ॅडव्हायझरी' आहे. पहिली टीए, म्हणजे 'ट्रॅफिक अ‍ॅडव्हायझरी'. कॉकपिटमध्ये "ट्रॅफिक, ट्रॅफिक" असं ऐकू येतं. इथे ट्रॅफिक म्हणजे वाहतूक नव्हे, तर जवळ आलेलं दुसरं विमान. ते कुठे आहे ते बघा, तयार राहा, एवढाच त्याचा अर्थ. निव्वळ टीएवरून विमान वर-खाली न्यायचं नसतं. दुसरी आरए: "क्लाइंब, क्लाइंब" (वर जा) किंवा "डिसेंड, डिसेंड" (खाली या). दोन्ही विमानं एकमेकांच्या सर्वांत जवळ यायला तेव्हा उंचीनुसार साधारण 15 ते 35 सेकंद उरलेले असतात. आरए आला की लगेच तसं करायचं, नियंत्रक उलट सांगत असला तरीही. तसं केल्याने विमानच धोक्यात येणार असेल, उदाहरणार्थ स्टॉलचा (पंखांची उचल संपत आल्याचा) किंवा जमीन जवळ आल्याचा इशारा वाजत असेल, तरच अपवाद.

इतकी सक्ती का? दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर यंत्रं आपसांत ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली धाडतात. एकाने ऐकलं नाही की दुसऱ्याचं ऐकणंही वाया जाऊ शकतं. 1 जुलै 2002च्या रात्री जर्मनीत युबरलिंगनजवळ हेच घडलं. तुपोलेव विमानाला नियंत्रकाने खाली यायला सांगितलं, आणि काही क्षणांत त्याच्या टीकॅसने वर जायला. वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं. दुसरं विमान बोइंग होतं, ते आपल्या आरएप्रमाणे खालीच येत होतं. दोन्ही विमानांतल्या 71 जणांपैकी कुणीही वाचलं नाही. बोइंगला आरए मिळाला आहे हे नियंत्रकाला ठाऊक नव्हतं. यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत आरएला प्राधान्य निःसंदिग्धपणे दिलं गेलं, पण नावातली 'अ‍ॅडव्हायझरी' तशीच राहिली.

आता मराठी शब्द. 'निराकरण' ऐकलं की मला तक्रार निवारण कक्षच आठवतो, तो बाद. 'सल्ला' का चालत नाही ते वर आलंच. बरेच जण 'सूचना' सुचवतील, आणि इथेच खरी अडचण आहे. "माझी एक सूचना आहे" म्हणताना ती विनंतीच्या जवळ असते, आणि "सूचना: आत येण्यास मनाई आहे" या पाटीवर तिला हुकमाचं वजन असतं. शिवाय नियंत्रक जे सांगतो त्यालाही बातमीदार सूचनाच म्हणतात. दोन सूचना परस्परविरोधी निघाल्या की कुणाचं ऐकायचं हे वाचकाला कळणार कसं? म्हणून माझी पसंती अशी: टीएला 'इशारा', नियंत्रकाच्या बोलण्याला 'निर्देश' आणि आरएला सरळ 'टक्कर टाळण्याचा आदेश'. यंत्राने माणसाला आदेश द्यावा हे कानाला खटकतं, कबूल. पण वस्तुस्थिती तीच आहे.

आरए आला की वैमानिक रेडिओवर "टीकॅस आरए" कळवतो आणि नियंत्रक "रॉजर" म्हणतो. रॉजर म्हणजे "ऐकलं", एवढंच. त्यामुळे 'नियंत्रकाने परवानगी दिली' हे वाक्य चूक आहे. परवानगी कुणी मागितलेलीच नसते, आणि आरए संपेपर्यंत त्या विमानाचा मार्ग बदलणारे निर्देश नियंत्रकाने द्यायचेही नसतात.

शब्द इंग्रजीतही फसले आहेत. पूर्वी "अ‍ॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड, अ‍ॅडजस्ट" असा एक आरए होता. अपेक्षा असायची चढण्या-उतरण्याचा वेग कमी करण्याची, पण 'अ‍ॅडजस्ट'मध्ये कमी की जास्त हे कुठे आहे? काही वैमानिकांनी तो वाढवला. टीकॅसच्या 7.1 आवृत्तीत त्याजागी "लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ" आलं, म्हणजे आहे त्या उंचीवर सपाट व्हा.

शेवटी ऐकू येतं "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट". याचं 'संघर्षमुक्त' असं भाषांतर मी वाचलं आहे, जणू दोन विमानांचं भांडण मिटलं. हवाई वाहतूक नियंत्रणात कॉन्फ्लिक्ट म्हणजे दोन विमानांमधलं ठरलेलं अंतर मोडण्याची शक्यता. मराठीत 'धोका टळला' म्हटलं की पुरे.