आवाजावर जाऊ नको, हात लावून बघ

गाडीवाले काका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका, मी विट्याचा. साताऱ्यात एक येझदी रोडकिंग मोटरसायकल बघून आलोय, आरसीवर १९८४ साल आहे. मालक म्हणतो इंजिन कंपनी सील आहे, एकदापण खोललेलं नाही. पण चालू केली की डाव्या बाजूनं खरखर येते. मित्र म्हणतो येझदी अशीच वाजते. आवाजाचा व्हिडिओ काढलाय, पाठवू का? आणि गाडी घेऊ का? — एक वाचक, विटा

उत्तर : व्हिडिओ राहू दे भावा. मोबाईलच्या माईकमधनं चांगली येझदी पण खडखडते आणि मेलेली बुलेट पण गोड वाजते, त्यावरनं मी काय सांगणार. तुझा मित्र खोटं बोलत नाही, डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन असते, तिथनं थोडी खरखर येतेच. पण "अशीच वाजते" एवढं ऐकून किती जणांनी भंगार इंजिनं घरी नेली त्याला हिशोब नाही.

त्यात मी पण एक. १९९८ च्या दिवाळीत कराडजवळच्या एका गृहस्थाकडनं बुलेट घेतली, आवाज इतका मऊ की मी तिथल्या तिथं पैसे मोजले. घरी आणून ऑइल काढलं तर काकवीसारखं जाड, गाळणीतनं पडेना. नेहमीचं ऑइल भरलं आणि दुसऱ्या दिवशी बिग एंडनं, म्हणजे पिस्टनचा दांडा खाली जिथं फिरत्या क्रँकला जोडतो त्या सांध्यानं, टाळ वाजवायला सुरुवात केली. तेव्हापासनं मी जुनी गाडी बघायला गेलो की कानाला सुट्टी देतो. आवाज दाबता येतो, पण इंजिनात जी ढिलाई आलेली असते ती हाताला लागतेच, ती कुठलंच ऑइल लपवत नाही.

आधी त्या "कंपनी सील"चं बघू. चाळीस वर्षांच्या टू स्ट्रोकला, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइल पण जाळणाऱ्या इंजिनाला, हे काय कौतुक नाही. क्रँकच्या दोन्ही बाजूला रबरी सील असतात आणि रबर गाडी चालवली तरी कडक होतं, नुसती उभी ठेवली तरी होतं. म्हणजे मालक खरं बोलत असेल तर सील संपलेत, खोटं बोलत असेल तर आणि काय काय लपवलंय कोण जाणे. दोन्हीकडनं इंजिन उघडायचा खर्च तुलाच आहे.

आता परत जा. जायच्या आदल्या दिवशी फोन करून सांग की गाडी चालू करून ठेवू नका, मीच किक मारणार. गेल्या गेल्या, चहा यायच्या आधी, ब्लॉकच्या पंख्यांवर, म्हणजे इंजिनवरच्या त्या पातळ पात्यांवर, हात ठेव. कोमट लागलं तर समज, तुझ्यासाठी आधीच तापवून ठेवलीय. मग सरळ सांग, मी पोवई नाक्यावर जाऊन दोन तासांनी येतो. थंड इंजिन हट्ट करतं, पिस्टनच्या ढिल्या रिंगा थंड असताना उघड्या पडतात, म्हणून विकणाऱ्याला ते नको असतं.

थंड आहे म्हटल्यावर पेट्रोलचा कॉक बंद ठेव आणि गिअरचाच लिव्हर आत दाबून वर घे, किक तयार होते. आता पाय नको, हातानं हळू दाब. एका जागी ती अडली पाहिजे आणि दाब धरून ठेवला तर थोडा वेळ तिथंच थांबली पाहिजे. लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली तर रिंग, बोअर (पिस्टन ज्या भोकात फिरतो ते) नाहीतर हेडचं पॅकिंग, काहीतरी गेलंय. दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज मिळालं तर उत्तम, पण एकाच आकड्यावर विसंबू नको, एकदा थंड आणि एकदा फिरवून आणल्यावर गरम असं दोनदा घे आणि गरमला पार घसरतोय का ते बघ. गेज लावल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायला विसरू नको, नाहीतर चांगलं इंजिन पण कमी दाखवतं.

मग प्लग काढ. टोक चहाच्या रंगाचं असेल तर बरं, काळं ओलं चिकट असेल तर ऑइल जळतंय, पांढरं फटक असेल तर कुठनंतरी हवा ओढतेय. नवाकोरा प्लग दिसला तर जुना कुठाय ते विचार. प्लगच्या भोकातनं एक लाकडी काडी, आईस्क्रीमची चालेल पण लांब हवी, पिस्टनवर टेकव आणि उजव्या बाजूचं झाकण काढून क्रँक थोडा पुढं थोडा मागं हलव. क्रँक हलतोय पण काडी जागची हलत नाही असा जो मधला मोकळा क्षण लागतो ना, ती बिग एंडची नाहीतर गजन पिनची (दांड्याला पिस्टन जोडणारी पिन) ढिलाई. पिस्टन पार वरच्या टोकाला नसेल तर चांगल्या इंजिनात तो जवळजवळ लागतच नाही.

उजवं झाकण काढलंच आहेस तर येझदीचं खरं गुपित तिथंच आहे. डायनॅमोचं आर्मेचर, म्हणजे त्याचा फिरणारा भाग, थेट क्रँकच्या टोकावर बसतं. ते धरून वर-खाली हलव. जरा जरी कटकट लागली तर मेन बेअरिंग गेलं. आणि टॉर्च मारून बघ, आर्मेचरवर किंवा फील्ड कॉइलच्या आतल्या बाजूला घासून चकाकी आलीय का, कारण बेअरिंग ढिलं झालं की आर्मेचर नाचतं आणि कॉइलला घासतं, शिवाय ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप दर मिनिटाला बदलते. असल्या गाडीचं टायमिंग मिस्त्री आठवड्याला लावतो आणि आठवड्याला जातं, आणि मालक सांगत सुटतो की पॉइंट डुप्लिकेट मिळतात हो आजकाल.

आता चालू कर. पहिली दोन मिनिटं धूर येऊ दे, टू स्ट्रोक आहे, उदबत्ती नाही. पण पाच-सात मिनिटांनी पण मागचा माणूस दिसेना आणि धुराला गिअर ऑइलचा वास असेल तर डावीकडचं क्रँक सील गेलंय, गिअर बॉक्सचं ऑइल इंजिन पितंय. याची खात्री करायची तर चालवायच्या आधी गिअर ऑइलची लेव्हल बघून ठेव आणि आल्यावर परत बघ. उजवीकडचं सील गेलं असेल तर उलटा प्रकार होतो, ऑइल नाही तर हवा आत शिरते, रेस करून सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, वरच भिरभिरत राहतं. हे जास्त वाईट, कारण अशी गाडी हायवेला पिस्टन जाम करते. दोन्ही सायलेन्सरच्या मागं हात धरून बघ. सिलिंडर एकच पण एक्झॉस्ट दोन, त्यामुळं दोन्हीकडं झोत सारखा लागला पाहिजे. एक मंद असेल तर बहुतेक कार्बननं चोक झालाय, तो साफ होतो, त्यासाठी गाडी सोडू नको.

साताऱ्यात बघतोयस ते नशीब. विट्याला ज्या चाचणीसाठी चढ शोधावा लागला असता तो तिथं दारात आहे. मागं एकाला बसवून यवतेश्वरचा घाट चढ, वर इंजिन बंद कर, दहा मिनिटं गप्पा मार आणि मग किक मार. थंडीला शहाणी असणारी गाडी गरम झाल्यावर रुसते की नाही ते तिथंच कळतं. आता हे नीट ऐक, गरम झाल्यावर चालू झाली नाही म्हणजे इंजिन गेलं असं नाही. ठिणगीचा कंडेन्सर किंवा कॉइल तापून मान टाकतात आणि ते स्वस्तातलं काम आहे. दम कमी पडला, चढावर टणटण वाजायला लागलं, खालच्या गिअरला पण रडली, तर मात्र आतलं काम.

मालक तयार असेल तर गाडी गार झाल्यावर एका बाजूच्या सायलेन्सर पाईपचा रिंग नट सोडून एक्झॉस्टच्या तोंडातनं टॉर्च मार. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसले तर ती कधीतरी सीज, म्हणजे जाम, झालेली आहे. हेड उघडू दिलं तर सोन्याहून पिवळं, पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन पुसला की ५० किंवा १०० असा आकडा निघतो, म्हणजे अर्धा किंवा एक मिलिमीटर ओव्हरसाइज, बोअर तेवढा घासून मोठा केलेला. जितका आकडा मोठा तितकी पुढची बोअरिंग शिल्लक कमी. इंजिन सील आहे म्हणणाऱ्याच्या गाडीत १०० निघालं तर काय बोलायचं ते तुझं तू बघ.

घ्यावी का? चेसी आणि टाकी सरळ असेल, आरसीवरचा इंजिन नंबर केसवरच्या नंबराशी जुळत असेल तर घे. पण किंमत ठरवताना क्रँक उतरणार, नवा कनेक्टिंग रॉड बसणार, बेअरिंग आणि सील बदलणार आणि बोअर होणार हे सगळं धरूनच ठरव. क्रँक दाबून बसवून लेथवर सरळ करणारा जाणता माणूस आधी शोध, गाडी नंतर. आणि रंग नवीन आहे म्हणून एक रुपया जास्त देऊ नको.

प्रश्न : सांगलीत गावभागात एकांची १९७१ ची बुलेट ३५० विकायची आहे. शेजारी म्हणतात २०१९ च्या पुरात अख्खी बुडाली होती, मालक म्हणतात फक्त चाकं भिजली. इंजिनवरनं कसं ओळखायचं? — नाव छापू नका, सांगली

उत्तर : नाव छापत नाही, पण सांगलीत हा प्रश्न प्रत्येकानं विचारावा असा आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, मग गावभागात चाकंच भिजली म्हणजे गाडी माळ्यावर होती का? आणि फक्त २०१९ चं विचारू नका, २००५ आणि २०२१ चं पण विचारा. बुडाली होती हा काय गुन्हा नाही, आपल्याकडं अर्ध्या गावाच्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर आधी ऑइल काढलं का आधी किक मारली, एवढंच महत्त्वाचं. कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक असतो, तो ऑइलमधनं फिरला की सगळीकडं पॉलिश पेपरचं काम करतो.

हेडलाइटची काच काढून आत बघा, अँपिअर मीटरच्या मागं. लोक बाहेरनं गाडी धुतात, तिथं कोण हात घालत नाही. तसंच पॉइंटचं झाकण, टूल बॉक्सचा तळ, सिलिंडरच्या पंख्यांची मुळं. सुकलेला राखाडी थर दिसला तर पाणी कुठपर्यंत होतं ते आपोआप कळलं.

मग प्लग काढून चौथ्या गिअरला टाका आणि मागचं चाक हातानं एकदम हळू फिरवा. गुळगुळीत फिरलं पाहिजे. एका ठराविक जागी खरखर किंवा अडखळ लागली आणि परत फिरवल्यावर तिथंच लागली तर बेअरिंगला गंजाचे खड्डे पडलेत. त्यानंतर ऑइल स्टीलच्या परातीत काढा आणि उन्हात धरा. दुधाळ असेल तर पाणी. पितळी चकाकी तरंगत असेल तर जास्त काळजी, कारण या जुन्या लोखंडी बुलेटच्या बिग एंडला रोलर नाही, फिरता बुश असतो, आणि ती चकाकी बहुतेक त्याचीच.

धुराबद्दल घाबरू नका एवढं सांगतो. महिनोन् महिने उभी राहिलेली बुलेट ऑइल आपोआप क्रँककेसमध्ये सोडते, चालू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गल्ली धुरानं भरते आणि मग शांत होते. त्यानंतर पण निळा धूर आला तर कधी येतो ते बघा. थ्रॉटल देताना येत असेल तर रिंगा. उतारावर थ्रॉटल बंद करून परत दिल्यावर भसकन येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड. आता सांगलीत उतार कुठला आणायचा म्हणाल तर खरंय, दंडोबाच्या डोंगराकडं घेऊन जा, तेवढीच सहल.

कॉम्प्रेशन कमी वाटलं तर लगेच इंजिन काम काढू नका. आधी डीकॉम्प्रेसरपाशी, म्हणजे किक मारताना दाब सोडायच्या झडपेपाशी, फुसफुस येतेय का ऐका (हो, इथं कान चालेल), तो गळत असेल तर किरकोळ काम आहे. तिथं ठीक असेल तर प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑइल सोडून परत किक दाबा. दाब वाढला तर रिंगा आणि बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

प्रश्न : काका, पन्नास वर्षांच्या वरच्या गाडीला व्हिंटेज नंबर घेतला तर इंजिन कुठलंही चालतं का? — एक वाचक, मिरज

उत्तर : नाही रे बाबा. २०२१ च्या जुलैत नियम आला, पहिल्या नोंदणीपासनं पन्नास वर्षांच्या वरची गाडी व्हिंटेज, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे हीच तर त्याची अट. आणि त्या नंबरवर रोज मार्केट यार्डला हळद बघायला जाता येत नाही, नेहमीच्या वापराला ती चालत नाही. रोज फिरवायची असेल तर आपल्या साध्या एमएच १० नंबरवरच रिन्यू करून घे.

प्रश्न : यामाहा आरएक्स १०० घेतोय, १९९२ ची. मालक म्हणतो ऑइल पंप काढून टाकलाय, पेट्रोलमध्येच मिक्स करतो, तेच चांगलं असतं. खरं का? — एक कॉलेजकुमार, सातारा

उत्तर : ९८ सीसीच्या गाडीला लोक आजकाल जे भाव सांगतात ते ऐकून मला तर घाम फुटतो, पण नाद आहे म्हटल्यावर काय बोलणार. मिक्स करून चालतं, त्यात चूक काही नाही, फक्त रोज नेमानं घालणारा माणूस पाहिजे. प्रश्न असा आहे की पंप काढला केव्हा आणि का. बरेचदा पंप बंद पडून इंजिन एकदा जाम झालेलं असतं आणि मग तो काढला जातो, म्हणून वर सांगितलं तसं सायलेन्सर सोडून पिस्टनचे ओरखडे बघच. पंप आहे आणि चालतो असं कोणी म्हणालं तर थ्रॉटल फिरवताना पंपाचा लिव्हर सोबत हलतो का आणि नळीत हवेचे बुडबुडे आहेत का ते बघायचं. आणि ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकाव. तिथं कोळ्याचं जाळं असेल आणि मालक म्हणत असेल की गेल्याच महिन्यात पंप काढला, तर चहा पिऊन घरी ये.