कारस्थानातलं 'स्थान' आलं कुठून?

प्रश्न असा आहे : 'कॉन्स्पिरसी थिअरी'ला 'षडयंत्र सिद्धांत' म्हणावं का, आणि कट, कारस्थान, षड्यंत्र यांत फरक काय?

आधी तो 'ड' आवरा. षट् + यंत्र. पुढे मृदू व्यंजन, म्हणून ट् चा ड् : षड्यंत्र. षड्रिपू, षड्रस तसेच. षडाननात पूर्ण 'ड' दिसतो, कारण पुढे 'आ' आहे. टंकताना ड, मग हलन्त, मग य. वाहिन्यांच्या पट्ट्यांवर मधलं हलन्त हटकून गळतं.

'सिद्धांत' तर त्याहून चुकीचा. पूर्वपक्ष मांडायचा, खोडायचा आणि मग टिकतो तो सिद्धांत. माणूस चंद्रावर गेलाच नाही, सगळं स्टुडिओत झालं, असं म्हणणाऱ्यांना अपोलो मोहिमांनी आणलेल्या 382 किलो दगडमातीचा हिशेब देता येत नाही. मग सिद्ध काय झालं?

कट सगळ्यांना ठाऊक आहे. तो रचतात, शिजवतात, उधळून लावतात. (मिसळीचा कट निराळा, तोही शिजतो.) कायद्यातल्या कटाला किमान दोन माणसं लागतात, एकट्याचा तो नुसता बेत. खलबत मात्र रचता येत नाही, खलबतं चालतात. अरबी 'खल्वत' म्हणजे एकांत, म्हणून रायगडावरचा खलबतखाना. खलबत्त्याशी त्याचं काही नातं नाही, कितीही कुटलंत तरी.

आता कारस्थान. संस्कृताभिमानी मंडळी 'कार + स्थान' अशी फोड करून मोकळी होतात. मग या 'कामाच्या जागे'तून मसलतीचा अर्थ कसा निघाला, ते सांगा की! फारसीत 'कारस्तान' आहे आणि त्याचा एक अर्थ मोठी करामत, गाजलेलं कृत्य. कारभार, कारकून, कारखाना ज्या वाटेने आले, त्याच वाटेने हाही आला, असं माझं ठाम मत आहे. 'स्तान'चं 'स्थान' करण्याची खोड आपली जुनीच : हिंदुस्तानचं हिंदुस्थान केलं, कब्रस्तानचं कब्रस्थान अजून छापून येतं. फारसी 'स्तान' आणि संस्कृत 'स्थान' मुळात सख्खी भावंडं, म्हणून ही अदलाबदल कुणाला खटकत नाही.

करामतीचा तो अर्थ पुण्यात दिसतो. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव मारले गेले, तो कट. त्यानंतर राघोबादादांना दूर सारून गंगाबाईंच्या पोटातल्या वारसासाठी सखारामबापू, नाना फडणीस वगैरेंनी जे जुळवलं, ते बारभाई कारस्थान. इथे शिवी नाही, मुत्सद्देगिरी आहे. 'कारस्थानी' ही शिवी झाली ती नंतर, बहुधा सासू-सुनांच्या मालिकांच्याही बरीच आधी.

हां, कॉन्स्पिरसी थिअरी. 'कटाची आवई' म्हणा, किंवा 'कारस्थानकथा'. आवई उठते, पसरते, विरते; क्रियापदंसुद्धा तयार आहेत.