चूक बुद्धीची की संकल्पाची?

प्रश्न : चूक संकल्पामुळे होते, असं सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त म्हणतो. मग आपण हवं ते खरं मानू शकतो, असा त्याचा अर्थ आहे का? आणि त्याच्यानंतरचा डच तत्त्वज्ञ स्पिनोझा त्याला नेमका कुठे अडवतो? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : नाही, तसा अर्थ नाही. घोटाळा बहुधा भाषांतरात होतो. लॅटिन ‘वोलुन्टास’साठी ‘इच्छा’ लिहिलं, की मनाला आवडतं ते माणूस खरं मानतो, एवढाच बोध होतो. पण चुकायची इच्छा कोणालाच नसते, हे देकार्तनेच १६४४ च्या ‘प्रिन्सिपल्स’ या ग्रंथात लिहिलं आहे. म्हणून ‘संकल्प’ म्हणा : समोर आलेल्या कल्पनेला होकार देणं, नाकारणं किंवा थांबणं.

मे महिन्यात भर दुपारी वर्धा रोडवर पुढे पाणी चमकतं. ‘पाण्यासारखं दिसतंय’ इथवर काम बुद्धीचं, आणि त्यात चूक नाही. ‘पाणी आहे’ हा होकार संकल्पाचा. देकार्तच्या १६४१ च्या ‘मेडिटेशन्स’ या ग्रंथातलं चौथं चिंतन हेच सांगतं : बुद्धीची धाव मर्यादित, संकल्पाची तिच्यापेक्षा कितीतरी लांब, म्हणून जे नीट दिसलेलंच नाही त्यालाही आपण होकार देऊन बसतो. मात्र जे स्पष्ट आणि विविक्त (इतर कशात न मिसळलेलं) दिसतं, उदाहरणार्थ ‘मी आहे’, तिथे होकार आपसूक निघतो. म्हणजे आपल्या हाती असतं ते धूसर गोष्टीपाशी थांबणं.

स्पिनोझाचा घाव या थांबण्यावरच आहे. त्याचा ग्रंथ ‘एथिक्स’ (१६७७), भाग २, विधान ४९ : संकल्प आणि बुद्धी एकच. पंखांचा घोडा मनात आणला, की त्याला पंख आहेत हे मानलंच. त्याला छेद देणारी दुसरी कल्पना मनात असेल तरच ते अडतं. मृगजळाला फसत नाही तो माणूस संकल्पाने थांबलेला नसतो. तापलेल्या हवेत उजेड वळतो, हे त्याला ठाऊक असतं. आणि तरी चमक दिसतच राहते! विधान ३५ च्या टीपेत सूर्याचं तेच : खरं अंतर कळल्यावरही तो दोनशे फुटांवर असल्यासारखाच भासतो.

स्पिनोझाचं वर्णन अनुभवाला जास्त धरून आहे, असं आमचं मत. पण ४९ पासून सुरुवात करू नका. ४८ मध्ये तो स्वतंत्र संकल्पशक्तीच नाकारतो, ते वगळलं तर पुढचं अधांतरी वाटतं. आधी चौथं चिंतन, मग ‘प्रिन्सिपल्स’ भाग १ मधली कलमं ३२ ते ३५, मग ही दोन विधानं. ४९ च्या टीपेत स्पिनोझा स्वतःवरचे चार आक्षेप मांडून उत्तरं देतो. त्यातले पहिले दोन तुमच्याच प्रश्नाचे आहेत.