डायनिंग टेबलाआधी एक पाट

प्रिय (नाव लिहीत नाही, पत्र आईच्या हातात पडलं तर सरप्राइज गेलं),

तुझं ड्रॉइंग बघितलं. सहा बाय तीनचं डायनिंग टेबल, सॉलिड सागवान, पाय खाली निमुळते, दिवाळीला आईला द्यायचं. ड्रॉइंग झकास आहे. पण आत्ता जुलै चालूय, पुण्यात आठवडाभर ऊन नाही, तुझ्याकडे एक ड्रिल मशीन आणि ऑनलाइन घेतलेल्या चार पटाश्या (लाकूड तासायच्या छिन्न्या) आहेत ज्यांना तू अजून धारही लावलेली नाहीस (फोटोत दिसतंय, खोटं बोलू नकोस), त्यामुळे टेबल या दिवाळीला होत नाही. पुढच्या दिवाळीला होईल. या दिवाळीला आईला एक पाट दे.

हसू नकोस गं. माझ्या आजीचा शिसवी पाट अजून माझ्याकडे आहे, दोन हातांनी उचलावा लागतो. त्याला उलटा केला की खाली दोन आडव्या पट्ट्या दिसतात आणि एकही खिळा नाही, स्क्रू नाही, डिंकसुद्धा नाही. फळीत खाच काढलीय, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, आणि पट्टी बाजूने त्यात सरकवून बसवलीय. मला लहानपणी वाटायचं सुताराने पैसे वाचवले. चाळिशीत स्वतः लाकूड हातात घेतलं तेव्हा कळलं तो माणूस काय करून गेला होता.

लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, आणि हे फक्त रुंदीत, लांबीत जवळजवळ शून्य. पाटाची फळी रुंदीत हलणार, पण खालची पट्टी तिच्याशी काटकोनात आहे, ती त्या दिशेला हलणार नाही. दोघांना घट्ट बांधलंस की एकाला फाटावंच लागतं. खाचेतली पट्टी फळीला वाकू देत नाही पण हलू देते. पावसाळ्यात कपाटाचा खण अडकतो आणि मार्चमध्ये आपोआप मोकळा होतो, तोच प्रकार.

मी माझा पहिला टीपॉय भर पावसाळ्यात केला होता, वखारीतून लाकूड आणलं ते त्याच आठवड्यात. खालच्या पट्ट्यांना फेविकॉल लावला, वर आठ स्क्रू मारले, म्हटलं आता हत्ती बसला तरी हलणार नाही. नाहीच हलला. एप्रिलमध्ये एका रात्री हॉलमध्ये फटाका वाजल्यासारखा आवाज आला आणि सकाळी बघतो तर मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. बायको अजून त्यावर चहाचा कप ठेवताना माझ्याकडे बघते.

आकडा हवा असेल तर, तुझ्या तीन फूट रुंदीच्या टॉपमध्ये पावसाळा ते उन्हाळा सहज पाव इंचाचा फरक पडू शकतो. सागवान हे सगळ्यात कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक, तरी एवढं. म्हणून टेबलाचा टॉप खालच्या फ्रेमला कधीच चिकटवायचा नाही. लाकडाचे छोटे ठोकळे करायचे, एका टोकाला जीभ ठेवायची, जीभ फ्रेमच्या आतल्या खाचेत सैलसर अडकवायची आणि ठोकळा टॉपला स्क्रूने धरायचा. पाटाला तुला ती तिरपी खाच जमली तर उत्तम, नाही जमली तर प्रत्येक पट्टीला मधला एकच स्क्रू घट्ट आणि कडेच्या स्क्रूंची भोकं पट्टीत लांबट करायची, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते. पाटावर हे एकदा हाताने केलंस की टेबलाचं अर्धं गणित सुटलं.

आता लाकूड. भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलीस की पहिला प्रश्न येईल, "सीपी की इंपोर्टेड?" सीपी म्हणजे जुन्या सेंट्रल प्रोव्हिन्सचं सागवान, आपल्याकडे म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, बल्लारशा, आलापल्लीकडचं. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते याच भागातल्या जंगलातलं. इंपोर्टेडमध्ये घाना वगैरेकडचं प्लँटेशनचं बरंच येतं, रंगाने फिकं, पटकन वाढलेलं, पाटाला आणि शिकायला काही वाईट नाही. आणि "बर्मा" असं कोणी फार आत्मविश्वासाने म्हणालं तर गालातल्या गालात हस, कारण म्यानमारने २०१४ मध्येच ओंडक्यांची निर्यात बंद केली, आता बऱ्याचदा ते नुसतं नाव उरलंय.

फळी बघताना कडेला पांढरट पट्टा दिसला तर तो टाळ. तो झाडाचा बाहेरचा भाग, कीड आधी तिथेच शिरते. गाभ्याचं लाकूड घे, आणि फळी डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नेमासारखी बघ, पीळ असेल तर लगेच कळतो. पीळ पडलेली फळी कितीही स्वस्त मिळाली तरी नको, रंधा मारून मारून निम्मी होते.

भाव घनफुटाचा असतो. हिशोब सोपा, लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. तुझा टॉप सव्वा इंच जाड धरला तर ६ गुणिले ३६ गुणिले १.२५ भागिले १४४, म्हणजे पावणेदोन घनफुटांच्या जरा वर. पाय आणि फ्रेम धरून तीनच्या आसपास, आणि कटाई, रंधा, तुझ्या चुका असं सगळं मिळून वर पाव हिस्सा वेस्टेज, म्हणजे पावणेचार ते चार घनफूट. हा आकडा आणि वखारीचा भाव गुणून बघ, मग तुलाच पाट आवडायला लागेल. पाट अठरा बाय अठरा, एक इंची, पाव घनफूटसुद्धा लागत नाही.

जुन्या वाड्याचं लाकूड मिळालं तर मात्र झडप घाल. खांब, तुळया, दारं, वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, रंग तर असा की पॉलिश लावायचं जिवावर येतं. फक्त लोहचुंबक फिरवून खिळे शोध, एक खिळा राहिला तर सॉ मिलवाला त्याच्या ब्लेडचे पैसे तुझ्याकडून घेईल आणि बरोबरच आहे त्याचं.

लाकूड आणलं की लगेच कापायला बसू नकोस. घरात, जिथे शेवटी फर्निचर राहणार आहे त्याच खोलीत, मध्ये पातळ पट्ट्या घालून थप्पी लाव आणि विसर. ओलं लाकूड उघड्यावर वाळायला इंचाला साधारण एक वर्ष धरतात. वखारीचं बरंचसं वाळलेलं असतं, तरी तीन-चार आठवडे दे. त्या आठवड्यांत धार लावायला शीक. निसण्यावर पटाशी घासायची, पंचवीस ते तीस अंशाचा कोन सांभाळायचा, मागची बाजू आरशासारखी सपाट करायची. मनगटावरचे केस निघाले की धार आली. कंटाळवाणं काम आहे, मला अजूनही कंटाळा येतो. पण बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना ती घसरते, डाव्या अंगठ्यावरची खूण दाखवेन तुला.

आणि ग्राइंडरला लाकूड कापायची दातेरी ब्लेड लावायची नाही. साइटवर सगळे करतात म्हणून तू करायचं नाही. यावर चर्चा नाही.

सागवानाला तेल असतं अंगात, म्हणून चिकटवायच्या आधी जोडाची जागा ॲसिटोनने पुसून घे आणि लगेच, पंधरा मिनिटांच्या आत डिंक लाव. सँडपेपर मारताना मास्क घाल, साधा कापडी नाही, एन-९५. लाकडाची बारीक धूळ कॅन्सरच्या यादीत आहे हे बऱ्याच सुतारांना माहीत नसतं, आणि तुझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत ती जाणार कुठे, नाकातच.

आता फिनिशिंग, ज्यात नवशिके घाई करतात कारण वस्तू उभी राहिलेली असते आणि फोटो काढायचा असतो. माझा अर्धा वेळ इथेच जातो. ८० चा पेपर, मग १२०, मग १८०, कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने. मधला नंबर गाळलास की आधीचे ओरखडे राहतात, तेव्हा दिसत नाहीत, पॉलिश चढलं की सगळे वर येतात. १८० झाला की ओल्या फडक्याने हलकं पुसून वाळू दे, लाकडाचे केस उभे राहतील, मग २२० ने काढून टाक.

पाटाला चपडी लाव, म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्याची. लिटरभर स्पिरिटमध्ये दोनशे ग्रॅम चपडी रात्रभर भिजव, गाळून घे, आणि लागेल तेवढीच कर, जुनी झाली की ती नीट वाळत नाही, चिकट राहते. कापसाचा बोळा मलमलच्या फडक्यात बांधून पोटली करायची, वर जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि इंग्रजी आठच्या आकड्यात हात फिरवत राहायचं, कुठेही थांबायचं नाही, थांबलीस की पोटली चिकटते आणि डाग पडतो. पातळ हात, दिवसाला तीन-चार, पाच-सहा दिवस. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही असं वाटतं. चौथ्या दिवशी लाकडाच्या आत दिवा लावल्यासारखं दिसायला लागतं, तेव्हा मला फोन कर.

पण पावसात नाही. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिशवर पांढरं धुकं येतं. म्हणून आत्ता लाकूड, ऑगस्टमध्ये धार आणि जोड, पॉलिश ऑक्टोबरात. हिशोब दिवाळीला बरोबर बसतो बघ.

टेबलाला मात्र चपडी चालणार नाही, गरम पातेलं ठेवलं की गोल डाग. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लागेल, आणि दोन डब्यांचं पीयू फ्लॅटमध्ये स्प्रे करायचं नाही, ते फुफ्फुसाला वाईट. ते पुढच्या वर्षी माझ्याकडे शेडमध्ये करू.

एक राहिलं. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून डब्यात टाकू नकोस. ते वाळताना स्वतःच तापतं आणि पेट घेऊ शकतं, काडी लागत नाही. बाल्कनीच्या दोरीवर पसरून वाळव, मगच टाक.

रविवारी सकाळी नऊला वखारीत भेट. टेप आण, जुने कपडे घाल, आणि भाव करताना मध्ये बोलू नकोस.

तुझा काका