तीन इंच बर्फावर पोरगा निघालाय

प्रश्न: ताई, मुलगा ऑगस्टपासून मिनेसोटात आहे, पहिलाच हिवाळा. ऑफिसातली पोरं म्हणतात या शनिवारी तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरू, तळं गोठून आठवडा झालाय. त्याने भोकात पट्टी धरून काढलेला फोटो सोबत जोडलाय, ३ इंच आहे म्हणतो. पण व्हिडिओ कॉलवर बर्फाचा ढुम्म असा आवाज ऐकला तेव्हापासून मला झोप नाही. जाऊ देऊ का? (एक आई, ऐरोली)

उत्तर: काकू, या शनिवारी नको. घाबरवत नाहीये, मी स्वतः तिकडे नऊ हिवाळे काढलेत, आता कोपरखैरण्यात बसून घाम पुसते ते सोडा. चालत जायला काचेसारखा स्वच्छ बर्फ निदान ४ इंच हवा असं तिथलं सरकारी खातंच सांगतं, आणि तुमचा फोटो झूम केला तर वरचा इंचभर पांढरट दिसतोय. मासळी बाजारातली बर्फाची लादी आठवा, मधे पांढरी, बुडबुडे अडकलेली, तसाच. असल्या बर्फाची ताकद निम्मीच धरायची, म्हणजे वरचा तो इंच अर्धाच मोजायचा, तुमच्या तीन इंचांचे झाले अडीच.

आणि पोरं विसरतात ते हे की भोक पाडलं तिथे तीन म्हणजे फक्त तिथेच तीन, दहा पावलांवर दीडसुद्धा असेल. ओढा येऊन मिळतो तिथे, पुलाखाली, तळात झरा असेल तिथे पातळच असतो, वर स्नो साचला तर त्याची गोधडी होते आणि खालचा बर्फ जाड व्हायला वेळ लागतो. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड, ते खाली बसत राहतं, तळापर्यंत सगळं तेवढं गार झाल्याशिवाय वर बर्फ धरत नाही, म्हणून मधल्या खोल पाण्यावर साय उशिरा धरते. नुसता काठ पक्का दिसतो एवढ्यावरून मधे जायचं नाही.

तिथली जुनी माणसं म्हणून पहार घेऊन चालतात, अगदी आपल्या खड्डे खणायच्या पहारीसारखी, टोकाला छिन्नीची धार. दोन पावलं पुढे जोरात हाणायची, ठण्ण वाजली तर पुढे, एक-दोन घावांत पाणी आलं तर आल्या वाटेने मागे. मला शेजारच्या आजोबांनी शिकवलं. वीस मिनिटं झाली तरी आम्ही काठापासून शंभर फूट गेलो नव्हतो, मी जाम वैतागले होते, आणि तेवढ्यात पहार पचकन आत गेली, भोकातून काळं पाणी वर येऊन माझ्या बुटाच्या टोकाला लागलं. मग परत मी तोंड उघडलं नाही.

ढुम्म आवाजाचं टेन्शन नका घेऊ, बर्फ फुगतो-आकसतो तेव्हा वाजतो, जाड असला तरी वाजतो. पायाखाली तडे पसरायला लागले तर मात्र पळायचं नाही, आडवं होऊन सरपटत मागे यायचं.

चार इंच झाल्यावर जाऊ दे खुशाल, पण कोटावर लाइफ जॅकेट, गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोचे, एकटा नाही, आणि दोघांनी चिकटून चालायचं नाही. पोहता येतं यावर जाऊ नका, त्या पाण्यात पडल्या पडल्या अशी धाप लागते की पहिलं मिनिट नुसता श्वास आवरण्यात जातं, मग हातपाय साधारण दहा मिनिटंच नीट चालतात. तेवढ्यात ज्या बाजूने आला तिकडेच वळून (तो बर्फ मघाशी तरी पेलत होता), टोचे रुतवून, पाय मारत पोटावर चढायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. बर्फावर तंबू ठोकून आत हीटर लावणार असतील तर हवा खेळती ठेवा म्हणावं, त्यातून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

आणि फिशिंग लायसन्स काढलंय का तेही विचारा, बर्फावरही लागतं. चिडलाच तर सांगा मासे तिथेच आहेत बर्फाखाली, दोन आठवड्यांनी पट्टी परत लाव. पर्च (तिथल्या तळ्यातला मासा) मिळाला तर हळद-तिखट आणि रवा लावून तळायचा, तेवढं तर त्याला येत असेल ना?