पहिली प्रश्नावली वाटण्याआधी

'मोबाइलचा विद्यार्थ्यांवर परिणाम' हा विषय झाला, संशोधनाचा प्रश्न नव्हे. कोणते विद्यार्थी, कसला परिणाम, मोजणार कशाने, हे एका वाक्यात बसेपर्यंत प्रश्नावलीला हात लावू नका. यात आठवडा गेला तरी चालेल.

मग एवढं सांभाळा:

- एका प्रश्नात एकच गोष्ट. 'शिक्षक वेळेवर येतात आणि नीट शिकवतात का?' याला 'हो' आलं, तर ते नेमकं कशाला?
- आधी आठ-दहा जणांकडून भरून घ्या, शेजारी बसून. ते अडखळले की चूक प्रश्नाची समजा.
- ३८४ हा नमुन्याचा (म्हणजे किती जणांना विचारायचं त्याचा) आकडा बरेच जण डोळे झाकून लिहितात. मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी, प्रत्येकाला सारखी संधी देणारी) निवड केली, तर ९५ टक्के विश्वासपातळी आणि ±५ टक्के त्रुटीसाठी तो आहे; म्हणजे असे शंभर नमुने घेतले, तर साधारण ९५ वेळा आलेली टक्केवारी खऱ्या टक्केवारीच्या फार तर पाच अंक वर-खाली असते. ओळखीच्या ग्रुपवर लिंक टाकून ३८४ उत्तरं गोळा केली, तर हा हिशेब लागूच होत नाही.

निकालाचे रिकामे तक्ते आत्ताच आखा. ज्या प्रश्नाला कुठल्याच तक्त्यात जागा नाही, तो काढून टाका. उत्तरं आली की त्यांच्या मूळ एक्सेल फाइलला हात लावू नका, दुरुस्त्या प्रतीत करा. रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मांडण्याचं तंत्र) वगैरे सध्या राहू द्या.