पर्यावरणाची पदवी घेऊन रंगमंचामागे जाता येईल का?

प्रश्न: मी पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षापासून महाविद्यालयाच्या नाटकांचं बॅकस्टेज सांभाळतेय. संग्रहालयं आणि नाट्यसंस्था आता पर्यावरणाचं काम बघायला माणसं नेमतात, असं कळलं. बाबा म्हणतात, ही चार दिवसांची हवा आहे, सरळ सल्लागार कंपनीत लाग. मी काय करू?

उत्तर: बाबांची शंका अर्धी खरी आहे. 'शाश्वतता अधिकारी' ही पदं मोजकीच आहेत आणि बहुतेक मोठ्या संस्थांतच आहेत. पण काम मात्र चार दिवसांचं नाही. इंग्लंडमधल्या कलासंस्थांना सरकारी निधी देणाऱ्या आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने २०१२ मध्ये आपल्या प्रमुख अनुदानित संस्थांना पर्यावरणविषयक अहवाल देणं बंधनकारक केलं. एकदा हिशोब मागितला जाऊ लागला, की तो ठेवणारं माणूस लागतंच.

तरीही तू या पदाच्या मागे धावू नकोस. आधी एक कसब हातात घे: वस्तूंचं संवर्धन, प्रकाशयोजना, निर्मिती व्यवस्थापन किंवा इमारतीचं वातानुकूलन. वीज किती जळणार आणि लाकूड कुठे जाणार, हे तिथली माणसं ठरवतात. बाहेरून अहवाल घेऊन येणाऱ्याचं ऐकून घेतात आणि पुढच्या कामाला लागतात.

संग्रहालयाचंच बघ. तिथली बरीचशी वीज हवेचं तापमान आणि दमटपणा राखण्यात जाते. दालनं रिकामी असली तरी यंत्रणा रात्रभर चालू असते. कारण लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं आणि त्यावरच्या रंगाला पोपडे येतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं वेल्समधल्या मॅनॉडच्या दगडखाणीत हलवली होती. तिथे हवा स्थिर राखली आणि पोपडे सुटण्याचं प्रमाण बरंच घटलं. अशा अनुभवांतून पुढे कडक दंडक रूढ झाला: तापमान साधारण २० अंश, सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आणि तीही जेमतेम ५ टक्के वर-खाली. बाहेरचं हवामान कसंही असलं तरी हाच दंडक.

आता तो सैल होतोय, आणि माझ्या मते व्हायलाच हवा. मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटाने बऱ्याच वस्तूंसाठी १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के इतकी मोकळीक मान्य केली आहे. मात्र चढउतार एकदम व्हायला नकोत. पण ही मोकळीक कुठल्या वस्तूला द्यायची? दगडी मूर्ती सहन करेल, लाकडी फळीवरचं जुनं चित्र कदाचित करणार नाही, आणि गंज धरलेल्या धातूला आणखी कोरडी हवा लागेल. याचं उत्तर कार्बन उत्सर्जनाच्या तक्त्यात सापडत नाही. त्यासाठी वस्तू हाताळलेली आणि विजेचं बिलही वाचता येणारी व्यक्ती लागते. अशी माणसं फार थोडी आहेत.

रंगभूमीवर तर तू आधीच आत आहेस. शेवटच्या प्रयोगानंतर सेट उतरवताना काय होतं, हे तुला ठाऊक असेल. गोंदाने चिकटवलेला प्लाय सोडवताना फुटतो आणि कचऱ्यात जातो. तोच स्क्रूने जोडला असता, तर पुढच्या नाटकात फ्लॅट, म्हणजे सेटची उभी भिंत, म्हणून पुन्हा उभा राहिला असता. हे नेपथ्याच्या पहिल्या बैठकीतच ठरायला हवं. ब्रिटनमधल्या नाट्यकर्मींच्या 'थिएटर ग्रीन बुक' या मार्गदर्शिकेची मूलभूत पातळी हेच मागते: निर्मितीतलं निम्मं साहित्य आधी वापरलेलं असावं आणि ६५ टक्के पुढे पुन्हा उपयोगात यावं.

प्रकाशयोजनेत तर चांगलाच वाद झाला. २०१८ मध्ये दिव्यांच्या वीजवापराबद्दल युरोपीय संघाच्या नव्या नियमांच्या मसुद्यामुळे रंगमंचावरचे टंगस्टन दिवे, म्हणजे तार तापून उजळणारे जुने दिवे, बाद होण्याची वेळ आली. प्रकाशयोजनाकारांनी मोहीम उभारली आणि रंगमंचासाठी सवलत मिळवली. ते पर्यावरणाच्या विरोधात होते असं समजू नकोस. टंगस्टनचा दिवा मंद होत जाताना त्याचा उजेड तांबूस, उबदार होत जातो, आणि एलईडीला तो परिणाम साधणं सोपं नव्हतं. तिथे मसुदाही कळणारी आणि रंगमंचही कळणारी माणसं हवी होती. तुझ्यासारख्यांची जागा नेमकी तिथे आहे.

आता लगेच करण्यासारखं सांगते. पुढच्या नाटकाला एक वही ठेव. प्रत्येक फळी, कापड आणि रंगाचा डबा कुठून आला, नवा की जुना, वजन किती आणि प्रयोगानंतर कुठे गेला, हे सगळं त्यात लिही. दिव्यांचे वॉट आणि तालमीसह ते किती तास जळले, हेही टिप. प्रेक्षक कशाने आले ते दारावर विचार, कारण कार्बन उत्सर्जनात अनेकदा सर्वांत मोठा आकडा त्यांच्या प्रवासाचाच निघतो. मुलाखतीला जाशील तेव्हा प्रमाणपत्राआधी ही वही पुढे ठेव.

पदव्युत्तरसाठी, तुझं मन रंगमंचामागे रमत असेल तर निर्मिती व्यवस्थापन किंवा प्रकाशयोजना घे. वस्तूंकडे ओढा असेल तर संवर्धन घे, पण त्याला रसायनशास्त्र पक्कं लागतं. तुझं कच्चं असेल तर आत्ताच बघ. आणि बाबांचा पर्याय मोडीत काढू नकोस. इमारतींचं ऊर्जा परीक्षण करणाऱ्या कंपनीत एक-दोन वर्षं काढलीस, तर तेही कसबच आहे आणि प्रेक्षागृहात ते थेट उपयोगी पडतं. फक्त नोकरी घेताना विचार: मला इमारतीत प्रत्यक्ष पाठवाल, की टेबलावर बसून तक्तेच भरायचे? तक्तेच असतील, तर दुसरी कंपनी बघ.